सरूबाईच्या घंगाळाचं खुरपं

तांब्याचं खुरपं! अमडापुरात ज्यानं ऐकलं तो हसला. कोणी पोट धरून हसलं, कोणी पदराआड हसलं, आणि बेबीताई तर चक्क तानाबाईच्या तोंडावर हसली. भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण ती, तिला हसायचा हक्कच होता. "काय वं तानाबाई, खुरपं तांब्याचं केलं, आता इळा चांदीचा करजो अन् टोपलं सोन्याचं!" तानाबाईनं डोक्यावरचं टोपलं खाली उतरवलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "करीन. तुह्या घरचं काय जाते?"

तानाबाईला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. बाई साठीच्या पुढे गेली, केस पिकले, उजवं मनगट पावसाळ्यात सुजायला लागलं, पण जीभ आणि कणा दोन्ही जसेच्या तसे. माहेर सुलतानपूरचं. आई सरूबाई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदाईला, म्हणजे गवत खुरपायला, गेली. सकाळी खुरपं कमरेला लावून जायची, संध्याकाळी कंबर धरून यायची. पण पोरीच्या लग्नात हट्टाला पेटली. "माही पोरगी रिकाम्या हातानं सासरी जाणार नाई," म्हणाली, आणि आंदणात अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं जाडजूड घंगाळ दिलं. काठाखाली टिंबाटिंबानं नाव कोरून घेतलं, 'सरूबाई, सुलतानपूर'. सरूबाईला वाचता येत नव्हतं. कोरणाऱ्याला तिनं दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि मगच घंगाळ उचललं म्हणतात.

अमडापुरात मोतीरामाच्या घरी तानाबाईचा संसार चांगला चालला होता. पोरगा हिंमतराव अजून शाळेत जात होता, तेव्हा मोतीराम तापानं गेला. पुढच्या पेरणीला भावकीतले म्हातारे दारात आले. विधवेनं पेरणीची मूठ धरू नये, वावर रुसते, असं त्यांचं म्हणणं. तानाबाईनं ओटीत बियाणं घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "वावर रुसलं त मी समजवीन त्याले. तुमी आपापल्या घरी जा." त्या वर्षी वावर काही रुसलं नाही. म्हातारे रुसले, ते मरेपर्यंत.

तर अशी ही बाई. आता मोठं वावर हिंमतराव करतो, सोयाबीन घेतो. विहिरीजवळचा तुकडा मात्र तानाबाईचा. त्यात वांगी, भेंडी, गवार, चवळी, आणि कडेनं अंबाडी. शेणखत घालायचं, किडीला लिंबोळीचं पाणी मारायचं, गवत हातानं काढायचं आणि बाजारात टोपलं घेऊन बसायचं. बिनऔषधाची भाजी म्हणून ती कधी ओरडत नाही. गिऱ्हाईकच तिला शोधत येतं आणि भाजीसोबत दोन शब्द ऐकून जातं. "दाबून दाबून काऊन पाहून राह्यली बाई? वांगं आहे ते, नवरदेव नाई!"

हिंमतराव वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निंदाईला माणूस मिळत नाही, मिळालं तर अर्ध्यात सोडून जातं. मग तोही चार जणांसारखा पाठीवर पंप घेऊन गवताचं औषध मारायला लागला. इकडे बाटलीतल्या सगळ्यालाच औषध म्हणतात. किडीचं औषध, गवताचं औषध. दोन वर्षांमागे त्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फवारा मारला आणि वारा फिरला. चार दिवसांत तानाबाईच्या भेंडीची पानं कोकडली, शेंडे वाकडे झाले, फुलावर आलेलं झाडन् झाड गेलं. तानाबाई रडली नाही. तिनं सगळी भेंडी उपटली, भारा बांधला आणि पोराच्या जेवणाच्या ताटापुढे आणून टाकला. "घे. जेव."

तेव्हापासून तुकड्याजवळ पंप आला नव्हता. पण यंदा पाऊस उघडायचं नाव घेईना. केना आणि हराळी इतकी माजली की गवार कुठली आणि गवत कुठलं ते कळेना. त्यात तिचं मनगट सुजलेलं. एका सकाळी हिंमतराव चहाचा कप ठेवून म्हणाला, "माय, यंदा तुकड्यातबी मारून देतो. पंपाले टोपी लावतो, दोन ओळीच्या मधातून मारतो, भाजीले काई होत नाई. तुहं मनगट पाह्य जरा."

"मनगट माहं आहे. तुले दुखते का?"

"अवं पण गवत निघन का तुह्यानं?"

"निघन."

"कधी?"

तानाबाईनं क्षणभर विचार केला आणि बोलून गेली, "पोळ्याचं तोरण तुटाच्या आत. तुकडा साफ झाला त या वावरात औषधाचं नाव काढाचं नाई, मी मेल्यावरबी नाई. नाई झाला, त मार तुहं औषध."

"शब्द?"

"शब्द."

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीवर बांधलेलं तोरण तुटतं आणि बैल सुटतात, तेवढीच मुदत. बोलली खरी, पण इकडच्या काळ्या मातीशी ज्याची गाठ पडली आहे त्याला विचारा. ओली झाली की ती माती राहत नाही, सासू होते, सोडतच नाही. लोखंडाचं खुरपं दोनदा मारलं की त्याचा लाडू झालाच. मग तो खरवडा, पुन्हा मारा, पुन्हा खरवडा. तानाबाईचं मनगट गवतानं कमी आणि ही चिकटलेली माती उचलून उचलूनच जास्त दुखायचं. खरवडायला तिनं कमरेला एक तांब्याची पट्टी खोचलेली होती, कुठल्याशा फुटक्या घागरीची. एक दिवस वैतागून तिनं खुरपं भिरकावलं आणि त्या पट्टीनंच केना उकरायला लागली. उकरता उकरता थांबली. पट्टीला माती नव्हतीच! होती ती आपोआप गळून पडत होती. बाई तिथंच वाफ्यात फतकल मारून बसली आणि त्या पट्टीकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "मर माय, इतके दिवस नोकराले मालक अन् मालकाले नोकर करून बसली होती मी!"

आता पट्टीचं खुरपं होत नाही. त्याला चांगला जाड पत्रा हवा, आणि जाड तांबं घरात एकच होतं.

घंगाळाचं बूड फुटलेलं होतं, कधीपासून ते न्हाणीच्या मागे पालथं पडलं होतं. सून रुपाली ते मोडीत घालून नवा कुकर आणणार होती, आणि तानाबाईनंही हो म्हटलं होतं. पण आता सासूचा बेत ऐकून रुपालीनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, आंदणाचं भांडं फोडून कोणी खुरपं करते का? लक्ष्मी असते ते."

"काऊन वं? मोडीत घालताना लक्ष्मी नोती का?"

हिंमतराव म्हणाला, "माय, लोक हसतीन."

"हसू दे. हसाले कोणाच्या बापाची परवानगी लागते?"

घंगाळ पोत्यात घालून ती मेहकरच्या गाडीत चढली. मेहकरला रहेमतुल्लाभाईचं जुनं दुकान, तांब्यापितळेची भांडी घडवायचं, डाग द्यायचं, कल्हई करायचं. आता कल्हईला कोणी येत नाही. म्हातारा दिवसभर दारात बसून येणारीजाणारी माणसं मोजतो. त्यानं घंगाळ बोटानं वाजवून पाहिलं, डोळे मिटून आवाज ऐकला. "असली माल आहे बहन. याचं काय करू? नवं बूड टाकू?"

"खुरपं करा."

"क्या?"

"खुरपं. निंदाले."

रहेमतुल्लाभाईनं चष्मा वर केला. "उमर गेली माझी तांबं ठोकण्यात. खुरपं कोणी नाही मांगलं."

"मी मांगून राह्यली ना?"

म्हातारा हसला, पण ते हसणं बेबीताईसारखं नव्हतं. पुष्कळ दिवसांनी हाताला काम लागल्यासारखा तो उठला. पत्रा काठाजवळ सगळ्यात जाड होता, तिथलाच त्यानं कापला, दुहेरी केला, धार ठोकत बसला. नाव बरोबर पात्याच्या मधोमध आलं. त्याला त्यानं हातोडीचा वाराही लागू दिला नाही. बाभळीची मूठ बसवून खुरपं हातात दिलं तेव्हा 'सरूबाई, सुलतानपूर' पात्यावर जसंच्या तसं होतं. तानाबाईनं ते पदरानं पुसलं आणि गाडीत सबंध रस्ताभर मांडीवर धरून बसली.

आणि काय सांगावं, खुरपं चाललं! हाताला हलकं, ओल्या मातीतून नुसतं सरकत जायचं. जंग धरायचं नाही, खरवडायला लागायचं नाही. नात अर्पिता चिखलीला कॉलेजात जाते, तिनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, "आजी, परदेशातले लोकबी तांब्याच्या अवजारानं बाग करतात. गोगलगाई येत नाईत म्हणे."

"गोगलगाय काल माह्या वांग्यावर होती, आजबी आहे. तिनं मोबाइल पाह्यला नसन. मले त मनगटाचं कळते, ते आता कमी दुखून राह्यलं. बास झालं."

वाफ्यामागून वाफे साफ व्हायला लागले. हिंमतराव येता-जाता धुऱ्यावरून बघायचा, बोलायचा नाही. पोळा जवळ आला आणि तानाबाईला वाटलं, आता धार जराशी बोथट झाली, एकदा पाजवून घ्यावी. शेवटचा हात मारायच्या आधी खुरपं लोहाराकडे नेऊन पाजवून आणायचं, ही इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. सरूबाईही तेच करायची. तानाबाई गोविंदा लोहाराच्या भात्यापुढे जाऊन उभी राहिली.

गोविंदानं खुरपं उलटं-पालटं केलं. "काकू, हे तांबं आहे. मले याचं काई समजत नाई."

"त्यात काय समजाचं? लोखंडाले करतो तसंच कर. लाल कर अन् पाण्यात घाल."

"पण काकू..."

"लय पण-पण नको करू बे. पोळा तोंडावर आला, मले टाइम नाई."

गोविंदानं केलं. पातं इंगळासारखं लाल झालं, पाण्यात घातलं तेव्हा सूं करून वाफ निघाली. तानाबाई समाधानानं घरी गेली. दुसऱ्या दिवशी हराळीच्या मुळीला पहिला घाव घातला आणि खुरपं वाकलं. साधं वाकलं नाही, तव्यावरून उचललेल्या पोळीसारखं दुमडलं. तिनं पायाखाली घालून सरळ केलं, पुन्हा मारलं, पुन्हा दुमडलं. धुऱ्यापलीकडच्या वावरातल्या बायांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. बेबीताई भिंतीवरून म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, तांबं पाणी पियाले असते." तानाबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. गोविंदा बिचारा पण-पण करत होता, आपणच त्याचं तोंड बंद केलं.

हिंमतराव दारात येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे माय. तू करून पाह्यलं."

हे ऐकलं आणि बाई उठून बसली. हसलेलं तिला चालत होतं, कीव चालत नव्हती. "करून पाह्यलं काय? अजून करून राह्यली मी!"

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती मेहकरला. रहेमतुल्लाभाईनं वाकडं पातं हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं आणि डोक्याला हात लावला. "या खुदा, आग दिली?"

"देल्ली. लोखंड पाजवतात तसं."

"अगं बहन, लोखंड आगीत तापून पाण्यात पडलं की कडक होते. तांब्याचं उलटं आहे. तांबं आगीत गेलं की नरम. त्याले थंडंच ठोकावं लागते. जितकं थंड ठोकलं तितकं ते ताठ होते."

तानाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग फटकन म्हणाली, "माह्यासारखंच आहे म्हणा की मेलं. ठोका मंग."

म्हाताऱ्यानं पातं ऐरणीवर ठेवलं, हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिला. "एक गोष्ट सांगतो. पहिल्या खेपेले मी नाव सोडून ठोकलं होतं. आता सगळं पातंच नरम झालं. सगळंच ठोकावं लागन. माँ का नाम नाही राहणार."

तानाबाईनं हात पुढे करून त्या टिंबांवरून बोट फिरवलं. आईनं दोनदा वाचून घेतलेली अक्षरं ती. ही चूक तिची स्वतःची होती, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नव्हती. डोळे भरून आले. ते तिनं पुसलेही नाहीत.

"बोलो बहन. नाव ठेवाचं असन त हे घरी ने, देव्हाऱ्यात ठेव. मी दुसरा तुकडा शोधतो, पण पोळ्याच्या आत नाही होणार."

"नाई. ठोका."

"सोच लो."

"सोचलं. माय माही जन्मभर निंदाईलेच गेली ना? नाव झिजलं त झिजलं. देव्हाऱ्यात बसणारी बाई नोती ते. ठोका म्हणते ना!"

हातोडी पडायला लागली. प्रत्येक घावाला ती हजर होती, एकदाही मान फिरवली नाही. टिंबं एकेक करून चपटी झाली, मिटली, आणि पातं वाजायला लागलं, आधी भद्द, मग हळूहळू टणटण. रहेमतुल्लाभाईनं शेवटी ते दोन्ही हातांनी वाकवून पाहिलं. वाकलं नाही. मजुरी विचारली तर म्हणाला, "भेंडी आण. बिनादवाची." आणि ऐरण पुसायला लागला.

पण येण्याजाण्यात, लाजण्यात, निजण्यात दिवस गेले ते गेलेच. पोळ्याच्या दिवशी बैलांना झूल चढली, शिंगं रंगली, घरात पुरणाचा वास सुटला, आणि तानाबाई तुकड्यात. विहिरीच्या बाजूचे वाफे राहिले होते. बैलांना ओवाळायला बोलवायला हिंमतराव आला तर म्हणाली, "रुपालीले सांग. बैलाले समजते, मी कुठी आहे ते." ऊन कललं. वेशीकडून ढोल वाजले, मग एकदम मोठी आरोळी उठली. तोरण तुटलं होतं. तानाबाईच्या पुढे अजून तीन वाफे गवतानं भरलेले होते.

ती हरली. हे तिलाही कळलं, आणि हिंमतरावालाही.

दुसऱ्या सकाळी तो आला. पाठीवर भरलेला पंप, तोंडाला फडकं, नळीला टोपी लावलेली. तानाबाई त्या तीन वाफ्यांतल्या पहिल्यात बसून निंदत होती.

"माय, उठ."

तिचं खुरपं चालूच.

"माय, शब्द देल्ला होता."

"हाव, देल्ला होता. मी कुठी नाई म्हणून राह्यली? मार."

"तू उठ त मारतो."

"उठाचा शब्द नोता देल्ला. साफ नाई झालं त मार म्हटलं होतं. मार. मी माहं काम करते, तू तुहं कर."

"काऊन अशी करतं वं तू? बाजूले हो, अंगावर येईन ते."

"येऊ दे. औषधच आहे ना? औषधानं का कोणाले काई होते?"

"माय, मस्करी नको करू. तोंडात जाईन, डोळ्यात जाईन..."

"जाऊ दे. भाजीले काई होत नाई म्हणतं ना तू? भाजी खाणाऱ्याले काई होत नाई. मंग मले कशानं होईन? मार!"

"अवं जहर आहे ते!"

तो ओरडलाच. मग आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं. फडक्यावरून त्याचे डोळे नुसते आईकडे बघत राहिले. तानाबाईचं खुरपं पहिल्यांदा थांबलं.

"आता खरं बोलला," ती म्हणाली. "इतके दिवस औषध, औषध. मायवर मारता येत नाई, अन् मायच्या वांग्यावर मारता येते. ते वांगं तुही अर्पिता खाते रे."

हिंमतरावानं पट्टे खांद्यावरून काढले. पंप धुऱ्यावर ठेवला, तोंडाचं फडकं सोडलं. मग कितीतरी वेळ हात लोंबकळत ठेवून तो उभाच राहिला, घरी जावं की काय करावं ते न कळल्यासारखा.

"उभा काऊन?" तानाबाई मान वर न करता म्हणाली. "शब्द मी हरली, तू नाई. हरणाऱ्याचं काम मी करूनच राह्यली. जिकणाऱ्याले काम नाई का काई?"

तो वाफ्यात उतरला, तिच्या शेजारी उकिडवा बसला, आणि हात पुढे केला. "आन इकडे."

तानाबाईनं खुरपं छातीशी धरलं. पात्यावर आता एक अक्षर नव्हतं, नुसते हातोडीचे ठोके होते, आणि त्यांवर सकाळचं ऊन पडलं होतं.

"हे नाई भेटत," ती म्हणाली. "हे माह्या मायचं आहे. तुहं लोखंडाचं पडलं आहे तिथी, ते घे. अन् माती चिकटली त बोंबलजो नको."